कांद्याचे कुळ कोणते: लिलिएसी, ॲलिएसी की ॲमरिलिडेसी?

प्रश्न असा आहे की, कांदा, लसूण आणि त्यांचे सोयरे जुन्या पाठ्यपुस्तकांत लिलिएसी कुळात, काही पुस्तकांत ॲलिएसी नावाच्या स्वतंत्र कुळात आणि अलीकडच्या याद्यांत ॲमरिलिडेसी कुळात दाखविलेले आढळतात. तर यांपैकी बरोबर कोणते, आणि वनस्पती तीच असताना तिचे कुळ पुन्हापुन्हा का बदलावे? ज्यांना केवळ लिहिण्यापुरते उत्तर हवे आहे त्यांनी ‘कुळ ॲमरिलिडेसी, उपकुळ ॲलिऑइडी, प्रजाती ॲलियम’ असे लिहावे. आजच्या मान्य पद्धतीप्रमाणे ते बरोबर आहे. मात्र वनस्पतिसंग्रहालयात वाळलेले नमुने ओळखण्याचे आणि विद्यार्थ्यांना वर्गीकरण शिकविण्याचे काम अनेक वर्षे केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या तीन नावांमागचा वाद समजून घेतल्याखेरीज नुसते उत्तर पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. हा वाद मुळात कोणत्या लक्षणावर विश्वास ठेवायचा याचा आहे. कुळाची सीमा काही अंशी संकेताने ठरते. ॲलियम ही प्रजाती मात्र पक्की आहे, आणि उपयोगाची बहुतेक माहिती तिच्याही खालच्या पायऱ्यांवर मिळते.

(या उत्तरात ‘प्रजाती’ ही वरची पायरी, ‘जाती’ ही तिच्या आतली आणि ‘वाण’ हा लागवडीतला प्रकार, असा क्रम धरला आहे.)

आधी वनस्पती नीट पाहू. कांद्याच्या गड्ड्यात खोड असते ते तळाच्या चपट्या चकतीएवढेच. बाकीचे सारे पदर म्हणजे पानांचे जाड झालेले तळ होत. पाने चकतीवर दोन रांगांत येतात. पुढे या चकतीच्या टोकाकडून पानांविरहित दांडा वर येतो, ज्याला शेतकरी डेंगळा म्हणतात, आणि त्याच्या शेंड्यावर पातळ पापुद्र्याच्या आवरणात गुंडाळलेला फुलांचा गोंडा असतो. गोंडा वरवर पाहता चवरीसारखा, म्हणजे सर्व फुलांचे देठ एकाच बिंदूतून निघाल्यासारखा दिसतो. परंतु खऱ्या चवरीत फुले बाहेरून आत अशा क्रमाने उमलतात, तर कांद्याच्या गोंड्यात उमललेली फुले, कळ्या आणि बोंडे एकमेकांत मिसळलेली सापडतात. कारण तो अनेक लहान, आखडलेल्या वल्लरी (ज्यांत टोकाचे फूल आधी उमलते असे फुलोरे) एकत्र येऊन बनलेला असतो. प्रत्येक फुलात तीन-तीनच्या दोन मंडलांत सहा परिदले (पाकळ्यांसारखी दले), सहा पुंकेसर आणि परिदलांच्या वर बसलेला, म्हणजे ऊर्ध्वस्थ, तीन कप्प्यांचा अंडाशय असतो. प्रत्येक कप्प्यात दोन बीजके, त्यामुळे बोंडात जास्तीत जास्त सहा बिया, आणि त्या काळ्याभोर. हा काळा रंग पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

लिनियसने १७५३ मध्ये ॲलियम प्रजातीची मांडणी केली तेव्हा त्याची पद्धत पुंकेसर आणि किंजले मोजण्याची होती. सहा पुंकेसर आणि एक किंजल असलेल्या गटात कांदाही बसला, लिलीही बसली आणि नर्गिसही बसला. पुढच्या शतकात नैसर्गिक कुळे कल्पिली गेली, तेव्हा सहा परिदलांच्या एकदल वनस्पतींच्या या मोठ्या घोळक्याचे विभाजन करण्यासाठी एक सोयीचे लक्षण निवडले गेले: अंडाशय परिदलांच्या वर की खाली. बेंथॅम आणि हूकर यांच्या १८६२ ते १८८३ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वरचा अंडाशय असलेल्या वनस्पती लिलिएसीत आणि खालचा अंडाशय असलेल्या ॲमरिलिडेसीत गेल्या. कांद्याचा अंडाशय वर असल्यामुळे तो लिलिएसीत गेला. हीच मांडणी अनेक महाविद्यालयांत दीर्घकाळ शिकविली जात असल्याने लिलिएसी हे नाव इतके रुजले आहे. वापरायला ती सोपी आहे, हे मान्य केले पाहिजे. फूल उभे चिरले की निकाल हाती येतो. परंतु लक्षण सोपे आहे म्हणून ते वंशावळ सांगतेच असे नाही.

या लक्षणाला एक मोठा धक्का वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन हचिन्सन याने १९३४ मध्ये दिला. त्याचे म्हणणे असे की, पानांविरहित दांडा, त्याच्या टोकावरचा चवरीसारखा गोंडा आणि गोंड्याला वेढणारे पापुद्र्याचे आवरण ही तिहेरी खूण अंडाशयाच्या जागेपेक्षा अधिक विश्वसनीय आहे. आणि ती कांद्यात जशी आहे तशीच नर्गिसात आणि रेन लिलीतही आहे. म्हणून त्याने कांदा, आफ्रिकी अगापँथस आणि दक्षिण अमेरिकेतील गिलिएसिया यांचे गट उचलून ॲमरिलिडेसीत आणले. आजच्या मांडणीकडे पाहिले तर त्याचा अंदाज बराचसा बरोबर निघाला असे म्हणावे लागेल, आणि तेही डीएनए वाचण्याची कोणतीच सोय नसताना. मात्र त्या काळात अनेकांनी हे पाऊल मानले नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ क्रॉन्क्विस्टने तर १९८१ मध्ये उलटी दिशा धरून ॲमरिलिडेसीच लिलिएसीत विलीन केले, आणि कांदा, लिली, नर्गिस, शतावरी असा एक अवाढव्य संग्रह तयार झाला. माझ्या मते हा वर्गीकरणाचा सर्वांत कमी उपयोगी टप्पा होता. ज्या कुळाची व्याख्या ‘इतरत्र न बसणारे’ अशी करावी लागते, ते कुळ काहीच सांगत नाही.

अंडाशयाच्या जागेवर का विसंबता येत नाही याचे उत्तम उदाहरण कांद्याबाहेरचे आहे. ॲगेव्ह, म्हणजे घायपात, हिचा अंडाशय खाली असतो आणि युक्काचा वर. त्यामुळे जुन्या पद्धतीत एक ॲमरिलिडेसीत तर दुसरी लिलिएसीत होती. १९३३ मध्ये मॅकेल्व्ही आणि सॅक्स यांनी दोहोंची गुणसूत्रे तपासली, तेव्हा दोन्हीकडे पाच मोठी आणि पंचवीस लहान असा अगदी सारखा आणि अत्यंत विलक्षण संच आढळला. एवढा नेमका सारखेपणा योगायोगाने येणे अवघड आहे. याचाच अर्थ अंडाशय परिदलांच्या खाली जाणे ही घटना उत्क्रांतीत वेगवेगळ्या शाखांवर स्वतंत्रपणे घडलेली आहे. निशिगंधही याच कारणाने दीर्घकाळ ॲमरिलिडेसीत होता. आज तो घायपातीच्या सोबतीला, शतावरीच्या कुळात आहे.

यानंतरचे काम बियांनी केले. हूबर याने १९६९ मध्ये लिलीसारख्या वनस्पतींच्या बीजकवचांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यांचे दोन मोठे प्रवाह दाखविले. एका प्रवाहात बियांच्या पृष्ठभागावर फायटोमेलान नावाच्या काळ्या, ठिसूळ द्रव्याचा थर असतो. दुसऱ्यात तो नसतो आणि बी तपकिरी किंवा फिकट राहते. कांद्याचे बी पहिल्या प्रवाहातले, खऱ्या लिलीचे आणि ट्युलिपचे दुसऱ्यातले. मधुग्रंथींची जागाही याला दुजोरा देते: कांद्याच्या फुलात मध अंडाशयाच्या पडद्यांतील ग्रंथींतून पाझरतो, तर लिलीच्या गटात तो बहुधा परिदलांच्या तळाशी असतो. रॉल्फ डालग्रेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या सगळ्या लक्षणांना धरून जुने लिलिएसी फोडले. लिलिएलीस आणि ॲस्परॅगेलीस असे दोन गण (कुळाच्या वरची पायरी) वेगळे राखले आणि ॲस्परॅगेलीस गणात कांद्यासाठी ॲलिएसी हे स्वतंत्र कुळ ठेवले. म्हणजे कांदा आणि लिली केवळ कुळाने नव्हे, तर गणानेही दुरावले. कांद्याच्या गणात शतावरी, कोरफड, केशर आणि सर्व ऑर्किड येतात. लिलीच्या गणात ट्युलिप आणि कळलावी. पाठ्यपुस्तकात लिलिएसी हे नाव वाचून ज्यांच्या मनात कांदा म्हणजे लिलीचा भाऊ अशी प्रतिमा बसली आहे त्यांनी ती पुसून टाकावी.

१९९० च्या दशकात हरितलवकातील जनुकांचे क्रम उपलब्ध झाले आणि हूबर व डालग्रेन यांची मोठी रेषा खरी ठरली. त्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: कांद्याचा गट, नर्गिसाचा गट आणि अगापँथस हे तिघे मिळून एकाच पूर्वजाची एक सलग शाखा बनवितात, आणि त्यांपैकी कांदा व नर्गिस एकमेकांना अधिक जवळ आहेत. येथून पुढचा प्रश्न विज्ञानाचा कमी आणि सोयीचा अधिक आहे. या तिघांना तीन कुळे म्हणायचे की एका कुळाची तीन उपकुळे? दोन्ही मांडण्या वंशावळीशी सुसंगत आहेत. एपीजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गीकरणकारांच्या गटाने १९९८ मध्ये तीन कुळे ठेवली, २००३ मध्ये एकत्र करण्याचा पर्याय सुचविला आणि २००९ मध्ये तिघांना एकाच कुळात आणले. २०१६ च्या आवृत्तीतही तेच कायम आहे. ॲलिएसी असे लिहिणारा लेखक म्हणूनच चुकीचा ठरत नाही, तो फक्त जुनी वाटणी वापरीत असतो. लिलिएसी लिहिणारा मात्र आज चुकतो, कारण ती मांडणी वंशावळीलाच छेद देते.

एकत्र केलेल्या कुळाचे नाव ठरवितानाही एक अडचण आली होती, जिचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. नामकरणाच्या नियमांनुसार दोन कुळे जोडली की जुने नाव टिकते. ॲलिएसी हे नाव १७९७ चे, ॲमरिलिडेसी १८०५ चे. म्हणजे नियम सरळ लावला असता तर नर्गिस आणि रेन लिली कांद्याच्या नावाच्या कुळात गेल्या असत्या. ॲमरिलिडेसी हे नाव अधिक रूढ असल्यामुळे त्याला विशेष संरक्षण देण्याचा प्रस्ताव मांडला गेला आणि तो मान्य झाला. त्यामुळे घराचे नाव धाकट्याचे आणि थोरला त्यात उपकुळ म्हणून राहतो, अशी स्थिती आहे.

ॲलिऑइडी उपकुळात ॲलियमखेरीज दोन मोठे गट येतात. दक्षिण आफ्रिकेतील तुलबागिया आणि तिचे निकटवर्ती हा एक. मुख्यतः दक्षिण अमेरिकेत पसरलेला गिलिएसिया, नोथोस्कॉर्डम, इफेयॉन, ल्युकोकोराइन इत्यादींचा दुसरा. ॲलियम स्वतः मात्र उत्तर गोलार्धातील प्रजाती आहे. दक्षिण आफ्रिकेतील ॲलियम ड्रेजिॲनम हा तिचा ठळक अपवाद. उत्तर अमेरिकेतील ब्रोडिया आणि ट्रिटेलिया या प्रजाती पूर्वी कांद्याच्या जवळच्या समजल्या जात, कारण त्यांनाही दांड्यावर चवरीसारखा गोंडा असतो. परंतु जमिनीखाली त्यांना पदरांचा कांदा नसून भरीव घनकंद असतो, आणि जनुकांनीही त्यांना शतावरीच्या कुळात नेऊन बसविले. हचिन्सनचे लक्षण चांगले होते, पण तेही एकट्याने पुरे पडले नाही.

आता वासाबद्दल, कारण सामान्य वाचक कांद्याचे कूळ वासावरूनच ओळखतो. हा वास अखंड पेशीत नसतो. पेशींत गंधकयुक्त अमिनो आम्लांचे निर्गंध रेणू एकीकडे आणि ॲलिनेझ हे विकर रिक्तिकेत दुसरीकडे कोंडलेले असते. पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत उग्र पदार्थ तयार होतात. लसणात मुख्य कच्चा माल ॲलिइन, आणि त्यापासून ॲलिसिन बनते. कांद्यात मुख्य कच्चा माल आयसोॲलिइन हा असून त्याच्यावर आणखी एक विकर काम करते आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायुरूप पदार्थ निर्माण होतो. हे दुसरे विकर जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिले. त्याआधी अश्रू आणणारा पदार्थ आपोआप बनतो असे समजले जाई. लसूण चिरताना डोळे का चुरचुरत नाहीत याचे उत्तर याच फरकात आहे.

असे असूनही वास हे कुळाचे लक्षण नव्हे. तुलबागियाला लसणाचा स्पष्ट वास येतो, नोथोस्कॉर्डमच्या जातींना बहुधा येत नाही, आणि अगापँथस व नर्गिस या गटांत तो नाहीच. उलट मोहरीच्या कुळातील ॲलिॲरिया पेटिओलाटा या वनस्पतीच्या चुरडलेल्या पानांना लसणाचा वास येतो, आणि गाजराच्या कुळातील हिंगाचा उग्रपणाही गंधकाच्याच संयुगांमुळे असतो. वासाचा खरा उपयोग कुळाच्या आत, सुरक्षिततेसाठी आहे. नर्गिसाच्या उपकुळात लायकोरिनसारखी विषारी अल्कलॉइडे असतात (स्मृतिभ्रंशाच्या उपचारात वापरले जाणारे गॅलँटामीन हेही त्याच उपकुळातले) आणि नर्गिसाचा कंद कांद्यासारखा दिसल्यामुळे तो खाण्यात येऊन विषबाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. युरोपात ॲलियम उर्सिनम या रानलसणाची पाने खुडताना कॉल्चिकम या विषारी वनस्पतीची पाने मिसळून मृत्यूही झाले आहेत. पान चुरडून वास घेणे ही पहिली चाचणी ठीक आहे, परंतु एक खरे पान चुरडल्यावर बोटांनाच वास राहतो आणि पुढचे प्रत्येक पान खरे वाटू लागते. म्हणून रानातून गोळा करणाऱ्याने केवळ नाकावर कधीच विसंबू नये.

ॲलियमच्या आत गेल्यावर खरी श्रीमंती दिसते. लिनियसला या प्रजातीच्या सुमारे ३० जाती माहीत होत्या. १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या रेगेलने मध्य आशियातील नव्या संग्रहांच्या आधारे तिचा मोठा प्रबंध लिहिला, आणि आज मान्य जातींची संख्या ९०० ते १,००० च्या दरम्यान धरली जाते. फ्रीझन, फ्रिच आणि ब्लाटनर यांनी २००६ मध्ये डीएनएच्या आधारे १५ उपप्रजाती आणि त्यांच्या आत ७२ विभाग अशी मांडणी केली, जी थोड्याफार दुरुस्त्यांसह आजही वापरात आहे. उपप्रजाती तीन उत्क्रांती-प्रवाहांत पडतात. पहिल्यात अमेरालियम ही उपप्रजाती येते, जिच्यात अमेरिकेतील बहुतेक जाती आणि युरोपातील रानलसूण आहेत. तिचा मूळ गुणसूत्र अंक, म्हणजे एका मूळ संचातील गुणसूत्रांची संख्या, बहुधा ७ असतो. दुसऱ्यात मेलॅनोक्रोमियम, म्हणजे बागांत शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या मोठ्या चेंडूसारख्या गोंड्यांच्या जाती. लागवडीतली बहुतेक महत्त्वाची पिके तिसऱ्या प्रवाहात आहेत आणि तेथे मूळ अंक ८ आहे.

येथे एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही: कांदा आणि लसूण एकाच उपप्रजातीतले नाहीत. कांदा, पोकळ पानांचा ॲलियम फिस्टुलोसम आणि चाइव्हज हे सेपा उपप्रजातीत. लसूण आणि लीक हे ॲलियम उपप्रजातीत. सपाट पानांचा, चिनी चाइव्हज म्हणून ओळखला जाणारा ॲलियम ट्युबरोसम ब्युटोमिसा या तिसऱ्याच उपप्रजातीत. हे भेद वनस्पती हाती घेतल्यावरही दिसतात. कांद्याचे पान पोकळ नळीसारखे आणि लसणाचे चपटे. कांद्याचा गड्डा पानांच्या तळांचा, तर लसणाचा गड्डा पानांच्या बगलेतील कळ्यांचा, ज्यातील प्रत्येक पाकळी ही स्वतंत्र कळी आणि तिचा गर म्हणजे एकच साठवणीचे पान. ट्युबरोसमला तर गड्डा जेमतेम असतो आणि त्याचे काम जमिनीखालचे मूलक्षोड (आडवे खोड) करते. फुलोऱ्यावर असताना भिंगातून आतले तीन पुंकेसर पाहावेत: लसणाच्या उपप्रजातीत त्यांचे तंतू रुंद असून टोकाशी तीन लांब अणकुचीदार फाटे फुटतात व मधल्यावर परागकोश असतो, कांद्यात तळाशी केवळ लहान दात दिसतात. नमुना ओळखताना माझा हात आधी याच लक्षणाकडे जातो.

पैदासकारासाठी या पायऱ्या प्रत्यक्ष कामाच्या आहेत. कांदा आणि फिस्टुलोसम एकाच विभागातले असल्याने त्यांचा संकर होतो, पण संतती बहुतांशी वांझ निघते. फिस्टुलोसममध्ये गुणसूत्रांची देवाणघेवाण मुख्यतः गुणसूत्रबिंदूजवळ होते, कांद्यात तसे नसते, आणि हा जुना, १९३० च्या दशकापासून माहीत असलेला फरक दोघांमधील अंतर चांगले दाखवितो. हिमालयाच्या वायव्य भागातील ॲलियम रॉयलाय दोघांशीही संकरित होते. म्हणून तिचा पुलासारखा उपयोग करण्यात आला, आणि केवडा रोगाला प्रतिकार करणारे जनुक तिच्यातूनच कांद्यात आणले गेले. कांदा आणि लसूण यांचा संकर मात्र अत्यंत दुष्कर आहे, कारण उपप्रजातीची भिंत मध्ये आहे. शिवाय लागवडीतला लसूण सहसा बी धरीत नाही, त्याच्या गोंड्यात फुलांऐवजी लहान कंदिका भरतात. कांद्याच्या जीनोमचा, म्हणजे संपूर्ण जनुकसंचाचा, आकारही कामाला अडथळा होता: तो सुमारे १६ अब्ज बेसजोड्यांचा, म्हणजे माणसाच्या पाचपट आहे.

लागवडीतील नावांचा गोंधळ बहुतेक वेळा जाती आणि वाण यांच्या सीमेवर होतो. शॅलटला लिनियसने ॲलियम ॲस्कॅलोनिकम असे स्वतंत्र नाव दिले होते. आज ते कांद्याचेच, अनेक गड्डे एकत्र धरणारे वाण मानले जातात. परंतु युरोपात ग्रे शॅलट म्हणून विकला जाणारा प्रकार ॲलियम ओशॅनिनाय या वेगळ्या जातीचा आहे. एलिफंट गार्लिक दिसतो लसणासारखा, पण असतो लीकच्या जवळचा. गोंड्यावरच लहान कांदे धरणारा वृक्षकांदा हा कांदा आणि फिस्टुलोसम यांचा संकर असून त्याला ॲलियम प्रोलिफेरम म्हणतात. कांद्याची जात, ॲलियम सेपा, रानात कोठेही आढळत नाही. तुर्कमेनिस्तान आणि इराणच्या डोंगरांतील ॲलियम व्हाव्हिलोव्हाय ही तिची सर्वांत जवळची रानटी नातेवाईक होय.

विद्यार्थ्यांना आणि संग्रह सांभाळणाऱ्यांना एक व्यावहारिक सूचना. परीक्षेसाठी अभ्यासक्रम बेंथॅम-हूकर पद्धतीचा असेल तर लिलिएसी लिहावे, पण पद्धतीचे नाव सोबत लिहावे. संग्रहालयातील जुन्या नमुन्यावर लिलिएसी अथवा ॲलिएसी असेल तर ते खोडू नये. नवी चिठ्ठी शेजारी चिकटवून तिच्यावर आजचे नाव, ठरविणाऱ्याचे नाव आणि वर्ष लिहावे. आणि नमुना गोळा करतानाच गड्ड्याचा उभा छेद, पानाचा आडवा छेद व ताज्या फुलाचा रंग टिपून ठेवावा, कारण ॲलियम वाळल्यावर पान पोकळ होते की भरीव, हे सांगणे अनुभवी डोळ्यालाही कठीण जाते.